सिंगापूर ग्रां प्री बघायला जाताय? आधी झोन, मग हॉटेल, मग विमान

सिंगापूरची रात्रीची फॉर्म्युला वन शर्यत बघायला मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. विमान स्वस्त मिळालं म्हणून आधी ते काढायचं, मग हॉटेल शोधायचं आणि सर्किटचं तिकीट जे उरेल ते घ्यायचं. यंदा हा उलटा क्रम जास्त महागात पडेल. ९ ते ११ ऑक्टोबर २०२६ ला मरिना बे सर्किटवर पहिल्यांदाच स्प्रिंट वीकेंड आहे: रविवारच्या मुख्य शर्यतीआधी शनिवारी एक छोटी शर्यतही असते, म्हणजे शुक्रवार रात्रीपासूनच चुरस सुरू होते. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने उरका.

टप्पा १: वेळापत्रक समजून घ्या

नेहमीच्या वीकेंडला तीन सराव सत्रं, शनिवारी क्वालिफाइंग (शर्यतीत कोण कुठून सुरुवात करणार ते ठरवणारं सत्र) आणि रविवारी शर्यत असते. स्प्रिंट वीकेंडला सराव एकच, तासाभराचा. जाहीर झालेल्या सिंगापूरच्या स्थानिक वेळा अशा (कंसात भारतीय वेळ, अडीच तास मागे):

- शुक्रवार: सराव दुपारी ४:३० (२:००), स्प्रिंट क्वालिफाइंग रात्री ८:३० (संध्याकाळी ६:००)
- शनिवार: स्प्रिंट संध्याकाळी ५:०० (दुपारी २:३०), मुख्य क्वालिफाइंग रात्री ९:०० (संध्याकाळी ६:३०)
- रविवार: मुख्य शर्यत रात्री ८:०० (संध्याकाळी ५:३०)

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एका गोष्टीवरून. स्प्रिंटच्या निकालावर रविवारच्या शर्यतीची सुरुवातीची रांग ठरत नाही. शुक्रवारचं स्प्रिंट क्वालिफाइंग फक्त स्प्रिंटची रांग लावतं आणि शनिवार रात्रीचं क्वालिफाइंग रविवारची. स्प्रिंट साधारण १०० किलोमीटरची, म्हणजे मुख्य शर्यतीच्या एक तृतीयांश. पहिल्या आठ जणांना ८, ७, ६ असे उतरत एकपर्यंत गुण मिळतात. स्प्रिंटमध्ये टायर बदलायची सक्ती नसते, त्यामुळे पिटमधल्या, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावरच्या, डावपेचांची अपेक्षा ठेवू नका.

एकाच दिवसाचं तिकीट परवडत असेल तर आमचं मत शनिवारच्या बाजूने आहे. एका तिकिटात एक छोटी शर्यत आणि क्वालिफाइंग, दोन्ही बघायला मिळतं. शिवाय सिंगापूरच्या भिंतींच्या मधून हलक्या गाडीने मारलेला एक सुसाट फेरा रविवारच्या जपून चालवलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त थरारक असतो.

> तपासा: वेळा बदलू शकतात. निघण्याच्या आठवडाभर आधी अधिकृत वेळापत्रक पुन्हा बघा. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंदी करताना टाइमझोन सिंगापूरचाच निवडा, नाहीतर तिथे उतरल्यावर सगळ्या वेळा अडीच तासांनी सरकतील.

टप्पा २: झोन ठरवा, मग तिकीट घ्या

सर्किट चार झोनमध्ये विभागलेलं आहे. लोक तिकिटाचा भाव बघतात, झोन बघत नाहीत आणि पैसे तिथेच वाया जातात.

झोन १ म्हणजे पिट इमारत, मुख्य सरळ रस्ता आणि पहिली काही वळणं. या झोनचं तिकीट असेल तर चारही झोनमध्ये हिंडता येतं. झोन ४ म्हणजे पडांग मैदानाच्या आसपासचा भाग. मोठ्या गाण्याच्या कार्यक्रमांचं मुख्य स्टेज याच झोनमध्ये असतं. झोन ४ च्या तिकिटावर मात्र झोन ४ च्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. सगळ्यात स्वस्त असतं ते झोन ४ चं वॉकअबाउट, म्हणजे बसायच्या जागेशिवाय फिरत बघायचं तिकीट. ते घेऊन पिटसमोर उभं राहायची स्वप्नं बघणारे दरवर्षी फाटकावर अडवले जातात. चारही झोन फिरायचे आणि बसायची जागा नको असेल तर प्रीमियर वॉकअबाउट नावाचं वेगळं तिकीट असतं.

कुठून काय दिसतं, ते थोडक्यात:

१. वळण १ ते ३: सुरुवातीच्या धक्काबुक्कीसाठी सर्वोत्तम. पहिली तीस सेकंद डोळ्यांचं पारणं फिटतं. त्यानंतर मात्र गाड्या क्षणभर दिसून निघून जातात.

२. पिट ग्रँडस्टँड: टायर बदलताना, रांग लागताना आणि शेवटचा झेंडा पडताना बघायला मिळतो. ओव्हरटेकिंग इथे फारसं नसतं. डावपेच समजणाऱ्यालाच ही जागा पैसे वसूल करून देते.

३. वळण ७ जवळचा स्टॅमफर्ड भाग: रॅफल्स बुलेवार्डच्या लांब पट्ट्यानंतरचं जोरदार ब्रेकिंग. या सर्किटवर पुढे जाण्याची सर्वात खात्रीची जागा हीच. पहिल्यांदा जाणाऱ्याने झोन ४ च घ्यायचा असेल तर इथली बाकं बघावीत.

४. पडांग: गाड्या फार जवळून जातात आणि वळण १० ची भिंत चुका माफ करत नाही. २०२३ मध्ये चालक जॉर्ज रसेल अगदी शेवटच्या फेरीत तिथेच आदळला होता. कार्यक्रम ऐकायचा असेल तर स्टेज हाकेच्या अंतरावर.

५. वळण १४, कॉनॉट: मंद वळण, गाड्या नीट ओळखू येतात. फोटोंसाठी आणि लहान मुलांसाठी चांगलं.

वॉकअबाउटवाल्यांना बसायला जागा नसते. उंच प्लॅटफॉर्म असतात, पण पहिला येईल त्याला. रविवारी चांगल्या कोपऱ्यासाठी शर्यतीच्या तीन-चार तास आधीपासून उभं राहायची तयारी हवी. सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर हे तिकीट घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

> सावध: ओळखीच्याच्या ओळखीने मिळणारं तिकीट नको. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. तिकीट मोबाइलवर येणार असेल तर घरीच उघडून बघा, स्क्रीनशॉटवर विसंबू नका आणि चौघांची तिकिटं एकाच्या फोनमध्ये ठेवू नका. एकाची बॅटरी संपली की चौघं बाहेर.

टप्पा ३: हॉटेल आणि विमान

झोन कळला की एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, कोणतं स्टेशन सोयीचं ते कळतं आणि त्यावरून हॉटेल. झोन १ साठी निकोल हायवे आणि प्रोमनाड ही स्टेशनं, झोन ४ साठी सिटी हॉल आणि एस्प्लनेड.

सर्किटला लागून असलेली हॉटेलं या तीन रात्रींत अवाच्या सवा भाव लावतात. त्यापेक्षा लिटल इंडिया बघा. डाउनटाउन लाइनवर तिथून रोचर, बुगिस आणि तिसरं स्टेशन प्रोमनाड, मध्ये गाडी बदलायची नाही. झोन ४ वाल्यांना बुगिस किंवा लॅव्हेंडर सोयीचं. ईस्ट वेस्ट लाइनवर बुगिसच्या पुढचंच स्टेशन सिटी हॉल. रात्री साडेअकराला दमून परतताना एक गाडी बदलणं वाचलं तरी त्याची किंमत कळते.

लिटल इंडियाचा आणखी एक फायदा यंदा आहे. रविवारी ११ ऑक्टोबरला घटस्थापना आहे. नऊ दिवस उपास करणाऱ्याला सर्किटच्या आत साबुदाणा मिळायचा नाही. लिटल इंडियातल्या सेरंगून रोडच्या परिसरात फळं, दही, दाणे, राजगिऱ्याचे पदार्थ आधीच घेऊन ठेवता येतात. उपास नसला तरी शाकाहारी माणसाने दुपारचं जेवण बाहेर पोटभर करूनच आत जावं. आत शाकाहारी पर्याय असतात, पण मोजके आणि रांगा लांब.

विमानाचं गणित असं: मुंबईहून थेट उड्डाण साधारण साडेपाच तास, त्यात घड्याळाचे अडीच तास मिळवा. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी पोहोचणं ही शेवटची मर्यादा समजा, आणि जमलं तर बुधवारी रात्रीच निघा. शुक्रवारी दुपारी उतरणारं विमान उशिरा आलं तर सराव तर गेलाच, स्प्रिंट क्वालिफाइंगही हातचं जाईल. पुणेकरांनी मुंबई विमानतळापर्यंतचा एक्स्प्रेसवे वेगळा धरावा.

परतीचं विमान सोमवारी दुपारनंतरचं. रविवारी मध्यरात्रीनंतर एक-दोन वाजताचं उड्डाण कागदावर जमल्यासारखं दिसतं. शर्यत दहाच्या सुमारास संपते, असं समजून लोक ते काढतात. पण २०२२ मध्ये पावसामुळे सुरुवातच एक तास पाच मिनिटं लांबली होती. नियमाप्रमाणे शर्यत चालू असण्याची मर्यादा दोन तास आणि थांबे धरून एकूण तीन तास, म्हणजे वेळेवर सुरू होऊनही शर्यत अकराला संपू शकते.

टप्पा ४: कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला आधी व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. तिकीट, हॉटेल आणि विमान ठरल्यावर, साधारण महिनाभर आधी अर्ज करा.

व्हिसा मिळाला म्हणजे झालं असं नाही. एसजी अरायव्हल कार्ड वेगळं भरायचं असतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आणि सरकारी संकेतस्थळावर. ते फुकट असतं. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं शोधयंत्रात वर येतात, तिथे कार्ड नंबर टाकू नका.

एमआरटीच्या फाटकावर भारतीय बँकेचं व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड टॅप करून जाता येतं, रोजचं थोडं अतिरिक्त शुल्क लागतं. मात्र भारतातल्या कार्डांवर परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून दोन्ही स्वतंत्रपणे चालू करा, निघण्याच्या आधी घरूनच. यूपीआयवर भिस्त नको.

> सावध: गुटखा, मावा, तंबाखूची पुडी, ई-सिगारेट यांपैकी काहीही बॅगेत नको. सिंगापूरमध्ये हे बेकायदा आहे आणि दंड खिशाला झेपणारा नसतो. मित्रांच्याही बॅगा तपासा, जॅकेटच्या आतल्या खिशासकट.

टप्पा ५: वीकेंडचा अभ्यास

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग ग्रँडस्टँडमध्ये बसून समोर काय चाललंय ते शेजाऱ्याला विचारत राहतात. तासभर पुरतो.

आधी सर्किट. घड्याळाच्या उलट दिशेने, १९ वळणं, ६२ फेऱ्या. २०२३ मध्ये शेवटच्या भागातली चार वळणं काढून तिथे सरळ पट्टा आला, त्यामुळे यूट्यूबवरचे जुने फेरे बघून अभ्यास करू नका. २०२३ नंतरचाच बघा.

मग २०२६ च्या गाड्या. मागचा पंख उघडणारी डीआरएस व्यवस्था आता नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही पंख ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर सपाट होतात, आणि तेही सगळ्याच गाड्यांचे. पाठलाग करणाऱ्याला मिळतो तो वेगळा ओव्हरटेक मोड: ठरलेल्या ठिकाणी पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असाल तर जास्तीची विद्युत शक्ती. ताकदीचा जवळपास निम्मा वाटा आता बॅटरीचा आहे. म्हणून एखादी गाडी पट्ट्याच्या शेवटी अचानक मंदावलेली दिसली तर लगेच बिघाड समजू नका, बॅटरी आटली असण्याची शक्यता जास्त.

सराव बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सराव साडेचारला उन्हात आहे आणि सूर्य मावळतो सातच्या सुमारास. स्प्रिंटही उजेडातच. दोन्ही क्वालिफाइंग आणि मुख्य शर्यत दिव्यांखाली. उन्हात तापलेल्या डांबरावर टायर वेगळे वागतात, त्यामुळे शुक्रवारी दुपारी कोण पहिला आला यावरून रविवारचा विजेता काढणं म्हणजे निव्वळ करमणूक. सरावात सर्वात वेगवान फेऱ्याकडे बघण्यापेक्षा एकाच टायरवर सलग सात-आठ फेऱ्या कोण सारख्या वेगाने मारतो ते बघा. आणखी एक: स्प्रिंट संपल्यावर आणि रात्रीच्या क्वालिफाइंगआधी संघांना गाडीची जुळवणी बदलता येते. स्प्रिंटमध्ये चाचपडणारा संघ रात्री अचानक वर आला तर त्याचं कारण हेच.

क्वालिफाइंगमध्ये यंदा २२ गाड्या आहेत. पहिल्या भागात सहा बाद, दुसऱ्यात सहा, उरलेले दहा पोलसाठी, म्हणजे रांगेतल्या पहिल्या जागेसाठी. इथे पोलला किती किंमत आहे? २०२३ ला सायंझ, २०२४ ला नॉरिस, २०२५ ला रसेल, तिघेही पोलवरून जिंकले. २०२३ च्या त्या मोसमात बाकी प्रत्येक शर्यत जिंकणारा रेड बुलचा संघ फक्त सिंगापूरला हरला आणि त्यांचा चालक वरस्टापेन क्वालिफाइंगच्या दुसऱ्याच भागात बाद झाला होता. म्हणून म्हणतो, शनिवारची रात्र चुकवू नका.

आता सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्या गाड्यांना आपल्या मागे सावकाश चालवणारी गाडी. २००८ पासून २०२३ पर्यंतच्या प्रत्येक सिंगापूर शर्यतीत ती आली, त्यामुळे "येणारच" असं समालोचक अजूनही म्हणतात. २०२४ आणि २०२५ मध्ये ती आली नाही. संघ मात्र तिची शक्यता धरूनच डाव आखतात, कारण इथे पिटमध्ये जाऊन येण्यात वेळ बराच जातो आणि भिंतींमुळे हरवलेली जागा परत मिळवणं कठीण. म्हणूनच कोरड्या शर्यतीत बहुतेकांचा बेत एकाच थांब्याचा असतो. मध्यावर आघाडीवाले मुद्दाम सावकाश चाललेत असं वाटेल. ते टायर वाचवत असतात.

टायरचे रंग पाठ असू द्या: पांढरा हार्ड, पिवळा मीडियम, लाल सॉफ्ट, हिरवा मधल्या ओलीसाठी, निळा भर पावसासाठी.

> तपासा: अधिकृत एफ वन ॲपमधलं लाइव्ह टायमिंग आधीच सुरू करून वापरून बघा. भारतात घेतलेली स्ट्रीमिंगची वर्गणी सिंगापूरमध्ये चालेलच असं नाही.

टप्पा ६: पिशवी

सिंगापूरमध्ये ऑक्टोबर म्हणजे दुपारी ३१-३२ अंश, रात्रीही २७-२८ आणि मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम. २०२५ मध्ये एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेने उष्णतेच्या धोक्याचा नवा नियम पहिल्यांदा लागू केला तो इथेच. चालकांना थंड पाणी फिरवणारं जॅकेट मिळतं, तुम्हाला नाही.

- ओआरएसच्या पुड्या, माणशी रोज दोन. रिकामी प्लॅस्टिकची बाटली.
- इअरप्लग, माणशी दोन जोड्या. एक हरवतोच. लहान मुलांना कानावर बसणारे इअरमफ, कारण प्लग ती काढून टाकतात.
- डोक्यावरून घालायचा रेनकोट. छत्री नको: मागच्याला दिसत नाही आणि भांडण होतं.
- झिप असलेली जाड प्लॅस्टिक पिशवी, पाऊस आला की फोन आणि पासपोर्टच्या झेरॉक्ससाठी.
- पॉवर बँक. विमानात ती हातातल्या बॅगेतच.
- रोज वापरून मऊ झालेले बूट. नव्या बुटांचं उद्घाटन इथे करू नका.

तिकिटासोबत मनाई असलेल्या वस्तूंची यादी येते, ती एकदा पूर्ण वाचा. काचेची बाटली, बाहेरचं खाणं आणि ड्रोन या तीन गोष्टींवरून फाटकावर सर्वाधिक वाद होतात.

टप्पा ७: सर्किटवर

१. शुक्रवारी फाटक उघडल्यावर लवकर आत जा. गर्दी सर्वात कमी याच दिवशी. आपली जागा, जवळचं शौचालय, पाण्याचं ठिकाण आणि बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा.

२. झोन १ चं तिकीट असेल तर बाकीचे झोन शुक्रवारीच फिरून घ्या. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पूल चढत-उतरत जायला अर्धा तास सहज लागतो. रविवारी हा प्रयोग केला तर पहिल्या दहा फेऱ्या पुलावर जातील.

३. चुकामूक झाल्यावर भेटायची जागा ठरवा. रविवारी रात्री नेटवर्क कोलमडतं, मेसेज वीस मिनिटांनी पोहोचतो. "स्टेजजवळ" ही जागा नव्हे, कारण स्टेजजवळ हजारो लोक असतात.

४. शनिवारी स्प्रिंट आणि क्वालिफाइंगच्या मध्ये साधारण साडेतीन तास मिळतात. हॉटेलवर जाऊन परत यायचा मोह होईल. त्याआधी तुमच्या तिकिटावर पुन्हा आत सोडतात का ते फाटकावर विचारा. सोडत असले तरी नऊच्या सत्रासाठी साडेसातला परत हजर राहा.

५. रविवारी साडेसहाच्या आत जेवण आणि शौचालय उरका. सातनंतर दोन्ही रांगा हलत नाहीत.

> सावध: लाल झेंडा दाखवला, म्हणजे शर्यत मध्येच थांबवली, की लोक उठून खायला पळतात. गाड्या पिटमध्ये थांबलेल्या असतात आणि पुन्हा सुरुवात होण्याआधी थोडाच वेळ सूचना मिळते. कोसळणारा पाऊस सोडला तर जागेवर बसून राहा.

टप्पा ८: बाहेर पडणं

झेंडा पडल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे जवळच्या स्टेशनकडे धावतात. दोनपैकी एक करा. एक, तासभर थांबा: पारितोषिकं बघा, पडांगचा कार्यक्रम ऐका, प्रेक्षकांसाठी ट्रॅक उघडला तर त्यावरून चाला. दोन, लगेच निघायचंच असेल तर सिटी हॉल टाळून पंधरा-वीस मिनिटं चालत बुगिस, क्लार्क की किंवा रॅफल्स प्लेस गाठा. टॅक्सी ॲपवर भाव भडकलेले असतात आणि रस्ते बंद असल्यामुळे गाडी तुमच्यापर्यंत पोहोचतही नाही. शर्यतीच्या दिवसांत शेवटच्या गाड्यांच्या वेळा बऱ्याचदा वाढवतात, पण तुमच्या लाइनची शेवटची गाडी किती वाजता आहे ते दुपारीच बघून ठेवा.

सोमवारी सकाळीही मरिना सेंटरच्या आसपासचे काही रस्ते बंद असू शकतात. मुख्य शहरातल्या हॉटेलमधून चांगी विमानतळावर जायचं असेल तर सामान हलकं असल्यास एमआरटी धरा. टॅक्सीनेच जायचं असेल तर नेहमीपेक्षा पाऊण तास आधी बोलवा आणि उचलण्याची जागा हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारून ठरवा. तिथले रस्ते कोणत्या वेळी उघडतात हे ॲपपेक्षा त्यांना नीट ठाऊक असतं.